‘नॉमिनेशन’चा ईमेल, पतसंस्थेचं कर्ज आणि नववीतली लेक

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका आईचं पत्र आलं आहे. लेक नववीत, सेमी-इंग्रजीत शिकते, गणिताचं वेड. शाळेतून तिने एक ऑनलाइन परीक्षा दिली आणि काही आठवड्यांनी घरच्या ईमेलवर पत्र आलं: परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा अकॅडमिक समर प्रोग्रॅम आहे, तुमच्या मुलीचं त्यासाठी नॉमिनेशन झालं आहे, दहा दिवसांत रक्कम भरून जागा पक्की करा. शुल्क ४ लाख ८० हजार. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ते म्हणतात, एवढ्या पैशात बारावीपर्यंतचे क्लास होतील, तिला राजारामपुरीत व्हेकेशन बॅचला घाला. सासूबाई म्हणतात, पोरीला एकटीला एवढ्या लांब कशाला? लेकीने तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं. पत्राच्या शेवटी आई लिहिते: “पतसंस्थेतून कर्ज काढून पाठवू का? पुढे ॲडमिशनला उपयोग होतो म्हणतात. नाही पाठवलं तर तिची संधी आमच्यामुळे गेली असं कायम वाटत राहील.”

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. कर्ज काढू नका. तुमच्या लेकीची कोणतीही संधी यात जात नाही. ते नॉमिनेशन म्हणजे निवड नव्हे. दहा दिवसांची मुदत जाऊ द्या.

तो ईमेल पुन्हा एकदा शांतपणे वाचा. त्यात तुमच्या लेकीने सोडवलेल्या एखाद्या गणिताचा उल्लेख आहे का? तिच्या शिक्षकांकडून कुणी शिफारसपत्र मागवलं का? तिला एखादा प्रश्न विचारला, चार ओळी लिहून मागितल्या? तुमच्या पत्रावरून तरी असं काही दिसत नाही. शाळेतल्या परीक्षेच्या फॉर्मवर नाव आणि ईमेल भरलेला होता, तो या ना त्या वाटेने तिथे पोचला असणार. मुलाकडून काहीही काम करून न घेता जे ‘निवड’ करतात, ते पालकांचं पाकीट निवडत असतात. हे मी रागाने म्हणत नाही. गेली अनेक वर्षं गणित शिकवते, आणि असं पत्र हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून बसलेले पालक पाहिले आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या नावाची. उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठांची वसतिगृहं आणि वर्ग रिकामे असतात आणि ते बाहेरच्या संस्थांना भाड्याने दिले जातात. त्यामुळे ‘अमुक विद्यापीठात’ आणि ‘अमुक विद्यापीठाचा’ यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: प्रमाणपत्रावर सही कुणाची, विद्यापीठाच्या विभागाची की तुमची? शिकवणारे तिथले प्राध्यापक आहेत की सुट्टीपुरते नेमलेले पदवीचे विद्यार्थी, हेही त्यातच विचारा. उत्तर गोलगोल आलं तर कळून जाईल.

काही विद्यापीठं स्वतः शुल्क घेऊन उन्हाळी वर्ग चालवतात, ते लबाड नसतात. तिथे चांगलं शिकवलं जातं. ज्यांच्या घरात तेवढा पैसा सहज आहे त्यांनी मुलांना जरूर पाठवावं. पण त्यातली अनेक विद्यापीठं आपल्याच माहितीपत्रकात लिहितात की इथे येण्याने पदवीच्या प्रवेशाची हमी मिळत नाही. आणि तुमची लेक इथेच शिकणार असेल तर हिशोब आणखी सोपा आहे. इंजिनिअरिंगला जेईई किंवा एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट, मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आयसर संस्थांना त्यांची स्वतःची अभिरुची चाचणी. यातल्या कुठेही उन्हाळी प्रोग्रॅमच्या प्रमाणपत्राचा एक गुणही धरला जात नाही.

मग समर स्कूल ही गोष्टच फोल आहे का? मुळीच नाही, आणि इथे मला तुमच्या मिस्टरांशीही थोडं भांडायचं आहे. कारण चांगलं समर स्कूल काय करतं ते कळलं, तर व्हेकेशन बॅच त्याची जागा का घेऊ शकत नाही तेही कळेल.

अमेरिकेत अर्नोल्ड रॉस नावाच्या गणितज्ञाने १९५७ साली शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. तो आजही चालतो. ‘साध्या गोष्टींचा खोल विचार करा’ हे त्याचं ब्रीद. मुलं अनेक आठवडे एकत्र राहतात आणि विषय एकच असतो, संख्या सिद्धांत (नंबर थिअरी). म्हणजे आपल्या १, २, ३, ४ या पूर्णांकांचे गुणधर्म. रोज एक व्याख्यान आणि रोज प्रश्नांचा एक संच. गंमत अशी की संचातले बरेच प्रश्न व्याख्यानाच्या पुढे असतात. जे शिकवलेलंच नाही ते मुलांनी आकडे मांडून, तक्ते करून, नमुने शोधून स्वतः हुडकायचं. कितीतरी प्रश्नांना एकच सूचना असते: हे विधान सिद्ध करा किंवा खोटं ठरवा, आणि खोटं असेल तर थोडी दुरुस्ती करून ते वाचवता येतं का पाहा. ताई, ही सूचना मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिली आहे. उत्तर चुकलं की पान फाडायचं असं शिकलेल्या मुलांना, चुकलेल्या विधानातही काहीतरी वाचवण्याजोगं असतं हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्यांची गणिताकडे बघण्याची नजर बदलते.

रॉसच्याच परंपरेतून १९८९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ हा उपक्रम सुरू झाला आणि त्याच धर्तीवरचा ‘प्रॉमिस इंडिया’ आपल्याकडे बेंगळुरूला भरतो. तिथे अर्ज करताना प्रश्नांचा एक संच सोडवून पाठवावा लागतो. एका संध्याकाळी उरकणारे ते प्रश्न नाहीत. मुलं आठवडेच्या आठवडे त्यांच्याशी झटतात, आणि सगळे सुटले नाहीत तरी विचार कसा केला ते लिहून पाठवतात. शुल्क आहे, पण परिस्थिती पाहून आर्थिक मदतही मिळते. तुमच्या ईमेलातला आणि यातला फरक इथेच दिसतो. एकाला मुलीचं काम बघायचं आहे, दुसऱ्याला तुमची बँक ट्रान्स्फरची पावती.

या वर्षी लगेच अर्ज करा असं मी म्हणत नाही. पण जुने प्रश्नसंच मिळतील तेवढे मिळवा आणि तिच्यासमोर ठेवा. ती त्यात रमली तर दहावीनंतरचा उन्हाळा कसा घालवायचा ते ठरलंच. नाही रमली तर त्यातूनही काही कळेल. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळणं आणि एकाच प्रश्नापाशी तीन दिवस बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आवडणाऱ्या प्रत्येक मुलाला दुसरी आवडतेच असं नाही, आणि न आवडण्यात कमीपणाही नाही.

आता हाताशी असलेल्या वाटा. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ पासून आहे. मे महिन्यात साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रावर राहतात: तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, अहमदाबाद, श्रीहरिकोटा, हैदराबाद अशा ठिकाणी. प्रवास, राहणं, जेवण, साहित्य सगळ्याचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-एनसीसी असं बरंच काही धरलं जातं. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना जादा गुण मिळतात. तुमच्या लेकीला ते मिळणार नाहीत, पण तुमच्या माहेरी, कागलकडच्या एखाद्या गावात कुणी भाचा-भाची नववीत असेल तर त्यांना आजच कळवा. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या संकेतस्थळावर होते आणि दहावीत गेल्यावर ही संधी राहत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे अवकाश विज्ञान आहे, शुद्ध गणित नव्हे. तिला विचारून भरा.

गणिताची खरी वाट ऑलिम्पियाडची. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे पात्रता परीक्षा: तीन तासांत तीस प्रश्न, उत्तर म्हणून फक्त एक पूर्णांक लिहायचा. ती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. त्यातून आरएमओ ही प्रादेशिक फेरी, तिथून आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी आणि त्यातून निवडलेल्या मुलांचं उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिर. मुलींसाठी निवडीत वेगळ्या जागा असतात आणि युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडला भारताचा मुलींचा संघ जातो. विज्ञानाच्या ऑलिम्पियाडची शिबिरं मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात. या शिबिरांत पैसे देऊन जागा मिळत नाही, आणि म्हणूनच त्यांना किंमत आहे. प्रमाणपत्राच्या उपयोगाची काळजी असेल तर ऐका: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट प्रवेश देताना गणित ऑलिम्पियाडमधली कामगिरी विचारात घेते. दोन आठवड्यांच्या सहलीपेक्षा हा उपयोग कितीतरी खरा आहे.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांना उन्हाळ्यात शास्त्रज्ञांबरोबर आठवडाभर काम करू देतात. तो उपक्रम पुणे परिसरातल्या शाळांसाठी असल्याने तुमच्या लेकीला थेट मिळणार नाही, पण त्याची आठवण मुद्दाम काढते. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर जन्माने आपल्या कोल्हापूरचे, १९ जुलै १९३८ चे. मुलांनी खऱ्या संशोधकाशेजारी बसावं, प्रश्न विचारावेत, तयार नोट्स उतरवून घेऊ नयेत, ही त्या उपक्रमामागची दृष्टी. आपल्या शहरातल्या शाळांनी अशी मागणी शिवाजी विद्यापीठाकडे का करू नये? गणित, भौतिक, रसायन, वनस्पतिशास्त्र असे सगळे विभाग गावातच आहेत, पन्हाळ्याला विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन चार-पाच पालकांनी मिळून विभागप्रमुखांना भेटा. “आमची मुलं मे महिन्यात आठवड्यातून दोन सकाळी येऊन बसतील, कुणी मार्गदर्शन कराल का,” एवढंच विचारा. सगळे होकार देणार नाहीत. एका होकारानेही काम भागतं.

आता व्हेकेशन बॅच. दहावीचं महत्त्व मी कमी करत नाही. पण नववीची परीक्षा संपल्यावर चारच दिवसांनी दहावीचा पोर्शन सुरू करायचा, जूनमध्ये शाळेत तोच ऐकायचा, दिवाळीनंतर तोच रिव्हिजनला घ्यायचा, यात गणिताची आवड असलेलं मूल कंटाळतं. एकच धडा तिसऱ्यांदा ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे मी रोज बघते. क्लास लावायचाच असेल तर जूनपासून लावा. बालभारतीची दहावीची पुस्तकं ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात. तिला आपणहून चाळावीशी वाटली तर चाळेल.

मे महिन्यात तिने काय करावं यासाठी मात्र मला तुमच्या मिस्टरांची मदत हवी आहे. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा: दादा, तुमच्या वर्कशॉपमध्ये एक समर स्कूल दडलेलं आहे.

लेथवर आटे पाडताना चेंज गिअर, म्हणजे बदलता येणारी दातेरी चाकं, लावावे लागतात. जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचात असतो, समजा एका इंचात चार आटे. म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २५.४ भागिले ४, अर्थात ६.३५ मिलिमीटर. आता तुम्हाला २ मिलिमीटर पिचचे आटे पाडायचे आहेत. गुणोत्तर हवं २ भागिले ६.३५. सोपं रूप दिलं की येतं ४०/१२७. म्हणूनच इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दातांचं ते मोठं, अडचणीचं गिअर लागतं. लेकीला विचारा, १२७च का? १२० किंवा १२५ का नाही? ती बसून बघेल की २५.४ म्हणजे १२७/५, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे छोट्या गिअरांच्या जोड्या लावून ती अचूक तयार करता येत नाही. मूळ संख्या म्हणजे काय हे तिने पाचवीत पाठ केलंय. मूळ संख्येमुळे उद्यमनगरातल्या कारागिराला एक अख्खं गिअर विकत घ्यावं लागतं, हे तिला कुणी दाखवलेलं नसणार.

आणि खरी मजा पुढेच आहे. १२७चं गिअर नसलं तर? ४०/१२७च्या जागी २०/६३ लावलं तर पिच २ऐवजी सुमारे २.०१६ येतो. १०० मिलिमीटर लांबीत जवळजवळ ०.८ मिलिमीटरचा फरक. एखाद्या छोट्या नटाला चालेल, लांब स्क्रूला नाही. मग वर्कशॉपमधल्या सगळ्या गिअरांचे दात मोजून तक्ता करायचा आणि दोन जोड्या वापरून ४०/१२७च्या सर्वांत जवळ कोणतं गुणोत्तर जातं ते शोधायचं. किती जोड्या तपासाव्या लागतील? सगळ्या न तपासता उत्तर मिळेल अशी युक्ती आहे का? हे शोधता शोधता ती वितत अपूर्णांकांपर्यंत (कंटिन्यूड फ्रॅक्शन्स, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक अशी साखळी) पोचेल, आणि तो रॉसच्या वर्गात शोभेल असा संख्या सिद्धांतच आहे. रोज सकाळी दोन तास, एक जाड वही, बापलेक शेजारी. उत्तर सांगून टाकायची घाई दादांनी करू नये, एवढीच अट. चालू मशीनपासून लांब राहायचं, ओढणी-केस बांधलेले, हे त्यांना मी सांगायला नको.

तिला वाचायला आणखी हवं असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० साली सुरू झालेलं ग्रंथालय भवानी मंडपाशेजारी असताना मे महिन्याची दुपार मोबाइलवर का घालवायची?

सासूबाईंच्या शंकेबद्दल. त्यांच्या काळजीला मी हसणार नाही. मुलीला घराबाहेर ठेवताना विचारायचे प्रश्न त्यांच्या बाजूने विचारायलाच हवेत. रात्री वसतिगृहात जबाबदार बाई कोण, तिचा फोन नंबर काय, आजारी पडली तर कोणत्या दवाखान्यात नेणार, मोबाइल कधी देणार, स्टेशनवर घ्यायला कोण येणार, मध्येच परत यावंसं वाटलं तर काय. चांगली संस्था ही उत्तरं न मागता देते. पण ‘मुलगी आहे म्हणून नको’ हे मात्र मान्य करू नका. शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहणं ही कोल्हापूरला परकी गोष्ट नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली. खेड्यापाड्यातली पोरं इथे राहून शिकली म्हणून तर या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. त्या काळी आपण बाहेरच्यांच्या लेकरांना जागा दिली. आज आपल्या लेकीला दोन आठवडे हैदराबादला किंवा सहा आठवडे बेंगळुरूला पाठवायची वेळ आली तर सासूबाईंना हे सांगा. निवड झालीच तर पहिल्या खेपेला तुम्ही दोघं तिला पोचवायला जा, जागा डोळ्यांनी बघा.

सर्वांत अवघड काम शेवटी राहिलं: लेकीला सांगायचं कसं. तिने मैत्रिणींना सांगितलंय, त्यामुळे ‘पैसे नाहीत’ एवढंच कारण दिलंत तर तिला वाटेल की ती लायक होती आणि घराने अडवलं. ते खरं नाही, म्हणून ते सांगू नका. तिच्याशेजारी बसून तो ईमेल उघडा आणि तिलाच शोधायला लावा: यात माझ्याबद्दल, माझ्या गणिताबद्दल एक तरी वाक्य आहे का? पोरगी हुशार आहे, तिला दिसेल. वाईट वाटेल, थोडी रडेल, रडू द्या. त्याच दिवशी प्रॉमिसच्या जुन्या संचातला एक प्रश्न तिच्यासमोर ठेवा, आणि सांगा की हे लोक प्रश्न सोडवल्याशिवाय कुणाला बोलवत नाहीत. मैत्रिणींना काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. तुम्ही तिच्या वतीने खोटं कारण तयार करून देऊ नका.

त्या कंपनीला दोन ओळींचं उत्तर पाठवा: आम्हाला यात रस नाही, आमचा ईमेल आणि मुलीची माहिती तुमच्या यादीतून काढून टाका. फोन येत राहतील, सवलतीही देतील, ‘शेवटच्या दोन जागा’ म्हणतील. आधार कार्ड, पासपोर्टची प्रत किंवा अनामत रक्कम यातलं काहीही देऊ नका. आधीच काही दिलं असेल तर मला लगेच कळवा, परताव्याचा अर्ज कसा करायचा ते सांगते. आणि चेंज गिअरच्या तक्त्यात कुठे अडलं तर पत्र तुम्ही लिहू नका, तिलाच लिहायला सांगा. तिच्या वहीच्या पानाचा फोटोही पाठवू दे.